चिऱ्यांच्या घरात गिटार ॲम्पसमोर माइक कुठे लावायचा

ॲम्पसमोर (म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या, स्पीकर असलेल्या ॲम्प्लिफायरसमोर) उभं राहून आपल्याला जो आवाज ऐकू येतो, तो माइकला ऐकू येत नाही. आपले कान जमिनीपासून पाच फुटांवर, ॲम्प पायाशी, आणि मधे सगळी खोली. माइक मात्र स्पीकरच्या तोंडाशीच बसलेला. म्हणून "ॲम्पवर झकास वाजतं, रेकॉर्ड केलं की माशा घोंघावल्यासारखं येतं" ही तक्रार घरी रेकॉर्डिंग करणारी पोरं हमखास करतात, मग ती गोव्यात म्हापशाच्या फ्लॅटमधली असोत की साखळीच्या कौलारू घरातली. त्यावर कोणी लगेच नवा माइक नाहीतर नवा प्लगइन (आवाज बदलणारं सॉफ्टवेअर) शोधायला निघालं, की मी एवढंच म्हणतो: आहे तो माइक आधी दोन बोटं बाजूला सरकव, मग बोलू.

घरी चांगलं रेकॉर्डिंग होत नाही, ही समजूतही सोडून द्यावी. रेमो फर्नांडिस यांनी ऐंशीच्या दशकात शिवोलीच्या आपल्या घरी चार-ट्रॅक रेकॉर्डरवर कॅसेट तयार केली होती. आज कुठल्याही साध्या दोन इनपुटच्या इंटरफेसवर (माइक आणि गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीवर) त्यापेक्षा जास्त ट्रॅक मिळतात.

आधी खोली

आपल्याकडची जुनी घरं चिऱ्यांची, वर गिलावा, खाली फरशी नाहीतर गुळगुळीत सिमेंट, आणि छपराला कौलं. गाण्याच्या बैठकीला ही खोली छान, रेकॉर्डिंगला तापदायक. भिंती आणि फरशी आवाज गिळत नाहीत, परत फेकतात. माइक जितका लांब, तितकी ही परतफेक जास्त. गोव्यातल्या घरासाठी माझा पहिला नियम म्हणूनच साधा आहे: माइक जवळ लावा, आणि खोलीचा विचार नंतर करा.

ॲम्प कोपऱ्यात ठेवू नका. दोन भिंती आणि फरशी मिळून खालचे सूर फुगवतात. भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढा, आणि जमिनीवरून उचलून भक्कम लाकडी बाकावर ठेवा. प्लास्टिकची खुर्ची नको, ती स्वतःच थरथरते.

उचलायचं कारण हिशेबानेच पाहू. समजा, कॉम्बो ॲम्प (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) जमिनीवर आहे, स्पीकरचं केंद्र फरशीपासून 30 सेंटिमीटरवर, आणि माइक त्याच उंचीवर 30 सेंटिमीटर पुढे. थेट आवाज 30 सेंटिमीटर चालून येतो, फरशीवर आपटून येणारा साधारण 67 सेंटिमीटर. फरक 37 सेंटिमीटरचा, म्हणजे एक मिलिसेकंदाच्या थोडा वर. या उशिरामुळे 465 हर्ट्झच्या आसपास दोन्ही लाटा एकमेकींना खातात, आणि नेमक्या गिटारच्या मधल्या सुरांत खड्डा पडतो. तोच माइक 3 सेंटिमीटरवर आणला तर फरशीचा आवाज थेट आवाजापेक्षा 26 डेसिबलने खाली जातो आणि प्रश्न जवळपास मिटतो. माइक लांबच हवा असेल, तर ॲम्प उचला आणि मधल्या फरशीवर गोधडी नाहीतर गादी टाका.

आता लो ई, म्हणजे सर्वांत जाड तारेपासून एकेक फ्रेट वर चढत, जोरात, सावकाश वाजवा. कुठल्या तरी सुराला शोकेसमधले ग्लास वाजतील, खिडकीचं तावदान खुळखुळेल, ॲम्पचा स्वतःचा स्क्रू किंवा हँडल बोलेल. एकेक शोधून बंद करा. हे काम टेक, म्हणजे रेकॉर्डिंगची फेरी, झाल्यावर करता येत नाही.

गुणगुण, वीज आणि पाऊस

आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे गिटारच्या सिंगल-कॉइल पिकअपमधून (तारांखालच्या एकाच वेटोळ्याच्या चुंबकी पट्टीतून) 50 आणि 100 हर्ट्झची गुणगुण येतेच. गिटार हातात घेऊन जागच्या जागी हळूहळू फिरा. एका दिशेला गुणगुण एकदम कमी होते. तिथेच स्टूल मांडा. ट्यूबलाइट, डिमर, फोनचा चार्जर, लॅपटॉपचा अडॅप्टर यांतलं एकेक बंद करून पाहा. वीज गेल्यावर घरचा इन्व्हर्टर चालू झाला आणि गुणगुणीचा पोत बदलला, तर टेक थांबवा. स्वस्तातले इन्व्हर्टर शुद्ध साइन लाट देत नाहीत, आणि ती करकर ॲम्पमधून सरळ ट्रॅकवर येते.

गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन काढायचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नका. ट्यूब ॲम्पच्या आत तीनशे-चारशे व्होल्ट आणि त्याहून जास्तही दाब असतो. अर्थिंगशिवाय तो गिटारच्या तारांवर यायला एक बिघाड पुरतो. जुन्या घराचं वायरिंग असेल तर अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

पावसाळ्यात कौलांवरचा पाऊस कंडेन्सर माइकला (बारीक आवाजही टिपणाऱ्या, नाजूक माइकला) गिटारइतकाच आवडतो. जवळ लावलेल्या डायनॅमिक माइकवर (दणकट, कमी संवेदनशील) जोराचं वादन चालू असताना पाऊस, संध्याकाळच्या पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा, शेजारचा कुत्रा, काहीच कळत नाही. पण शेवटचा सूर लांबवला, की त्याच्या शेपटीत सगळे हजेरी लावतात. शेवटच्या सुराचे दोन-तीन टेक जादा घ्यावेत. पंखा बंद, हे सांगायला नको. आणि दमट हवेत कंडेन्सर माइक चुरचुरतो, म्हणून तो सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा, वापरायच्या वेळीच बाहेर काढायचा.

शेजाऱ्यांचं म्हणाल, तर ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. घरच्या रेकॉर्डिंगला पाच वॅटचा ट्यूब ॲम्प पुष्कळ झाला. पन्नास वॅटचा ॲम्प एकवर ठेवून वाजवण्यापेक्षा पाच वॅटचा सहावर ठेवला तर स्पीकर हलतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये तेच ऐकू येतं.

आवाज ॲम्पवरच बसवा

ट्यूब ॲम्प असेल तर आधी पंधरा-वीस मिनिटं गरम होऊ द्या. मग नॉब फिरवायला उभे राहू नका, खाली बसा. बारा इंची स्पीकरमधून जाड सूर सगळीकडे पसरतात, पण बारीक, टोकदार सूर सरळ रेषेत समोर जातात. उभ्या माणसाच्या गुडघ्यांना ते मिळतात, कानांना नाही. मग माणूस ट्रेबल वाढवतो, प्रेझेन्स वाढवतो, आणि रेषेत बसलेल्या माइकला तो सगळा झोत तोंडावर मिळतो. कान स्पीकरच्या उंचीला, दीड-दोन मीटर अंतरावर ठेवून ट्रेबल ठरवा. आवाज मोठा असेल तेव्हा स्पीकरला कान लावायला जाऊ नका.

डिस्टॉर्शन नेहमीपेक्षा पाव भागाने कमी करा. स्टेजवर जे भरदार वाटतं ते ट्रॅकवर चिखल होतं. पुढे तोच भाग दुसऱ्यांदा वाजवून डावी-उजवीकडे टाकायचा असेल तर आणखी कमी करा, कारण दोन ट्रॅक मिळून घट्टपणा येतोच.

लग्नाच्या किंवा तियात्राच्या (कोंकणी संगीत नाटकाच्या) बँडसाठी भाड्याने फिरणारे कॅबिनेट, म्हणजे स्पीकरच्या पेट्या, घरी आणल्या असतील तर एक पाहणी जास्त. दोन किंवा चार स्पीकरांतला प्रत्येक वेगळा ऐका. अशा पेट्यांत एखादा स्पीकर कधीतरी बदललेला, एखाद्याचा कागद फाटलेला, एखादा दुसऱ्याच कंपनीचा असतो. त्यातला जो कानाला बरा वाटेल त्याच्यावरच माइक लावायचा, बाकीच्यांकडे पाहायचंही नाही.

कुठला माइक

शुअर एसएम57 हा माइक 1965 पासून बाजारात आहे, आणि गिटार ॲम्पसमोर सर्वांत जास्त तोच दिसतो. त्याला कारण आहे. गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने गळतो, आणि या माइकला नेमका तिथेच, पाच-सहा किलोहर्ट्झच्या आसपास, थोडा उठाव आहे. शिवाय कितीही मोठा आवाज तो मुकाट सोसतो. नकली एसएम57 बाजारात भरपूर फिरतात, तेव्हा किंमत फारच कमी दिसली तर सावध राहा. गाण्याचा एसएम58 घरात असेल तर त्याची गोल जाळी काढून तो वापरता येतो, आवाज एसएम57 च्या बराचसा जवळ जातो.

कंडेन्सर वापरायचा तर त्याचा पॅड, म्हणजे आत येणारा आवाज कमी करणारा खटका, चालू करा. रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला) मऊ, गोल आवाज देतो, पण नाजूक असतो. विशेषतः जुन्या रिबनला लावायच्या आधी फँटम पॉवर (इंटरफेस माइकला केबलमधून देतो ती वीज) बंद आहे ना, हे दोनदा पाहा.

पहिली जागा

स्पीकरसमोरच्या जाळीच्या कापडावर फोनचा टॉर्च तिरका धरा. आत स्पीकरचा कागदी पडदा आणि मधे गोल टोपी दिसेल, तिला डस्ट कॅप म्हणतात. टोपी जिथे संपते आणि कागद सुरू होतो, त्या कडेसमोर कापडावर टेपचा छोटा तुकडा चिकटवा. कापड दाट असेल आणि काही दिसत नसेल तर दुसरी युक्ती: गिटारचा आवाज बंद ठेवून ॲम्पचा गेन वाढवा, हेडफोन लावा, आणि माइक हातात धरून कापडासमोरून फिरवा. ॲम्पची सळसळ जिथे सर्वांत टोकदार येते तो मध्य. तिथून बाहेर जाताना ती एकदम मऊ होते, ती टोपीची कड.

माइक त्या टेपसमोर, कापडाशी काटकोनात, दोन-अडीच सेंटिमीटर अंतरावर लावा. बूम स्टँडचा स्क्रू पक्का आवळा. जड माइकने बूम रात्रभरात खाली झुकला, की सकाळी आवाज वेगळा येतो आणि आपण नॉबला दोष देत बसतो. इंटरफेसवर 24 बिट ठेवा, आणि सर्वांत जोराचं वाजवतानाही काटा −10 ते −12 डेसिबलच्या वर जाऊ नये असा गेन लावा.

ही सुरुवातीची जागा, शेवटची नव्हे.

बोटभर सरकवणं

इथे वेळ घालवा. बाकीच्या सगळ्या पायऱ्यांपेक्षा इथे जास्त मिळतं.

वाजवायचं आणि माइकही सरकवायचं, हे एकट्याला जमत नाही. कोणी मित्र वाजवायला असेल तर उत्तम. नसेल तर लूपर पेडल (वाजवलेला तुकडा परत परत ऐकवणारं) गिटार आणि ॲम्पच्या मधे लावा, गाण्यातलाच एक तुकडा त्यात वाजवा, आणि तो फिरत राहू द्या. बाहेरचा आवाज अडवणारे बंद हेडफोन घाला आणि ॲम्पच्या बाजूला बसा, समोर नव्हे. हेडफोनमधून ॲम्पचाच आवाज झिरपत असेल तर ऐकून ठरवू नका. प्रत्येक जागेचे वीस सेकंद रेकॉर्ड करा, सुरुवातीला तोंडाने "कड", "कडेच्या बाहेर एक" असं बोलून ठेवा, आणि मग दुसऱ्या खोलीत जाऊन ऐका.

पहिलं रेकॉर्डिंग टोपीच्या कडेवर. मग एक सेंटिमीटर मध्याकडे, म्हणजे टोपीवर. आवाज पुढे येईल, पिकचा आघात स्पष्ट होईल, आणि डिस्टॉर्शन असेल तर वर एक चरचर येईल. मग कडेच्या बाहेर एक सेंटिमीटर, दोन, चार. चरचर विझत जाते, मधले सूर भरतात. आणखी बाहेर, पडद्याच्या कडेजवळ, आवाज कांबळ्याखालून येतो. एका सेंटिमीटरमध्ये एवढा फरक पडतो, हे पहिल्यांदा ऐकताना खरं वाटत नाही.

माझा कल सांगतो. भारी डिस्टॉर्शनला कडेच्या बाहेर एक ते दोन सेंटिमीटर. क्लीन, चमकदार वादनाला बरोबर कडेवर, आणि ॲम्प मंद असेल तर किंचित आत. जॅझच्या गोल सुराला आणखी बाहेर. मध्यावर, टोपीच्या छातीसमोर, मी क्वचितच जातो, कारण एकट्या ट्रॅकवर तिथला आवाज रुबाबदार वाटतो आणि झांजा आल्या की त्यांच्याशी भांडतो.

एक बारकावा. पडदा आतल्या बाजूला खोल गेलेला असतो. कापडापासूनचं अंतर तेच ठेवून माइक मध्याकडून बाहेर नेला, तर कागदापासूनचं अंतरही आपोआप कमी होतं. म्हणजे बाजूला सरकवताना खालचा सूरही थोडा बदलतो. फरक फक्त टोकदारपणाचा हवा असेल तर बाहेर जाताना माइक किंचित मागे घ्या.

तुलना करताना सगळे तुकडे एकाच पातळीवर आणा. जो मोठा तो कानाला चांगला वाटतो, मग निवड चुकते. आणि निवड बेस आणि ड्रमसोबत करा. एकटी ऐकताना किरकोळ वाटलेली गिटार गाण्यात बरोबर बसते, असं वारंवार होतं.

अंतर आणि तिरकेपणा

जवळ आलेला डायनॅमिक माइक खालचे सूर फुगवतो. 2 सेंटिमीटरवर पाम म्यूटचा (तारा तळव्याने दाबून वाजवलेल्या सुराचा) धक्का छातीत बसतो, पण बेस गिटारची जागा खातो. 5 ते 8 सेंटिमीटरवर ते निवळतं. 15 सेंटिमीटरवर आवाज मोकळा होतो, मात्र आता खोलीही डोकावू लागते. घुमणाऱ्या खोलीत त्याच्या पुढे न गेलेलं बरं. खालचा सूर कमी करायचा असेल तर आधी माइक मागे घ्या. नंतर 80 हर्ट्झच्या खालचं कापायचं ते कापाच, कारण गिटारची लो ई तारच 82 हर्ट्झची आहे आणि त्याखाली खडखडाटाशिवाय काही नसतं.

माइकचं तोंड आहे तिथेच ठेवून शेपूट तीस-पंचेचाळीस अंश फिरवली तर वरचे सूर थोडे नरमतात. हा बदल लहान असतो. जागा सापडली पण किंचित बोचतंय, अशा वेळी हे करा. जागाच सापडली नसेल तर तिरकेपणाने काही सुधारत नाही.

दुसरा माइक, गरज असली तरच

एका माइकवर समाधान झालं असेल तर इथे थांबा. दोन माइक म्हणजे दुप्पट चांगलं नव्हे, बहुतेक वेळा दुप्पट कटकट. पण एसएम57 चा टोकदारपणा आणि रिबनचा किंवा कंडेन्सरचा भरदारपणा दोन्ही हवे असतील, तर हे असं.

दोन्ही माइकांची तोंडं एकमेकांशेजारी, स्पीकरपासून एकाच अंतरावर आणा. एक पुढे, एक मागे झाला की एकच लाट दोघांकडे वेगवेगळ्या वेळी पोहोचते, आणि एकत्र ऐकताना आवाज पातळ, पोकळ होतो. 48 किलोहर्ट्झवर एक सॅम्पल म्हणजे हवेतलं जेमतेम 7 मिलिमीटर, यावरून कल्पना करा.

बाहेरून समान दिसणारं अंतर पुरत नाही, कारण आतला पडदा प्रत्येक माइकमध्ये वेगळ्या खोलीवर असतो. म्हणून कानाने जुळवा. दोन्ही माइक मधोमध, सारख्या पातळीवर ठेवा, आणि एकाची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करा. लूपर चालू ठेवून दुसरा माइक थोडा-थोडा पुढे-मागे सरकवा. जिथे आवाज सर्वांत पातळ, सर्वांत मेलेला येईल तिथे थांबा. आता पोलॅरिटी परत सरळ करा. तिथेच तो सर्वांत भरीव येतो. भरीव जागा शोधण्यापेक्षा मेलेली जागा कानाला लवकर सापडते, म्हणून हा उलटा रस्ता.

पाठीमागून उघडा ॲम्प असेल तर मागेही एक माइक लावता येतो. पडदा पुढे येतो तेव्हा मागच्या बाजूने तो दूर जात असतो, म्हणून मागच्या माइकची पोलॅरिटी उलटी करायचीच.

खोलीचा माइक दीड-दोन मीटरवर ठेवायचा असेल तर कौलारू खोली कधी कधी सुंदर साथ देते, विशेषतः सावकाश, मोकळ्या वादनाला. तो वेगळ्या ट्रॅकवर घ्या आणि मिक्समध्ये अगदी कमी ठेवा.

आवरण्याआधी

जागा पक्की झाली की माइक, स्टँड आणि ॲम्पचे नॉब यांचे फोनवर फोटो काढा, एक समोरून, एक बाजूने. बाजूच्या फोटोत पट्टी धरा, म्हणजे अंतर कळेल. स्टँडच्या पायांभोवती फरशीवर टेप लावा. कापडावरचा तुकडा मात्र त्याच दिवशी काढा, दमट हवेत त्याचा चिकटा कापडात उतरतो. शक्य असेल तर डीआय बॉक्समधून (गिटार ॲम्पशिवाय थेट इंटरफेसला जोडणाऱ्या डबीतून) गिटारचा कोरा आवाजही वेगळ्या ट्रॅकवर घेऊन ठेवा. महिनाभराने माइकची जागा पटली नाही, तर रीॲम्प बॉक्समधून (याच्या उलट काम करणाऱ्या डबीतून) तोच ट्रॅक पुन्हा ॲम्पमध्ये सोडता येतो, आणि वाजवणाऱ्याला मुंबईहून परत बोलवावं लागत नाही.